चाचणीचं पाणी

पाणी भाऊजींच्या गुडघ्यांवर चढलं तेव्हा पाणी खात्याचे साहेब मला म्हणाले, "आजी, आता पंप लावला तर सगळी चाचणी बाद होईल."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सत्तरी कधीच ओलांडलेली. ते आमच्या विहिरीच्या तळाला उभे होते, डावा पाय दगडाखाली अडकलेला, आणि सकाळी कोरडी पडलेली विहीर पुन्हा भरू लागली होती. विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. वरून त्यांची टोपी दिसत होती आणि टोपीभोवती गढूळ पाणी. आमच्या मोटरीला लाईट नव्हती, त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बांधापलीकडं ग्रामपंचायतीची नवी विहीर, तिच्यावर मोठा पंप आणि त्याचा जनरेटर. तो पंप नुकताच बंद केला होता, आणि तो बंद झाला म्हणूनच आमच्याकडं पाणी येत होतं. मी चौथीपर्यंत शिकले, मला एवढं कळत होतं. साहेब बरंच शिकलेले, त्यांना ते आधी सिद्ध करायचं होतं.

"चाचणी बाद झाली तर परत घेता येईल," मी म्हणाले. "दीर मला एकच हाय."

साहेबांनी वरच्या साहेबांना फोन लावला. वरचे साहेब मीटिंगमध्ये होते.

गोष्ट इथवर कशी आली ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही म्हातारी माणसं मजेनं विहिरीत उतरतो.

माझं माहेर वरवंडचं, म्हणजे कालव्याखालचं. लहानपणी पाण्याचा विचार करावा लागला नाही. लग्न होऊन भीमेच्या अलीकडं शिरूरच्या कोरड्या पट्ट्यात आले आणि तेव्हापासून दुसरा विचार फारसा केला नाही. आमची विहीर सासऱ्यांनी खोदलेली. अर्धी माझी, अर्धी भाऊजींची. त्यांच्या घराजवळ बोअर आहे, त्यामुळं त्यांचं प्यायचं पाणी विहिरीवर नाही. माझं आहे. माझं, म्हशीचं आणि चार लिंबाच्या झाडांचं. मालक गेल्यापासून घरात मी एकटीच.

मुलगा कंपनीत आहे, कारेगावला राहतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं की समोरच्याचं दार. नळाला पाणी कधी सुटेल ते घरमालकालाच ठाऊक, प्यायला जार आणतात. मुलगा वाईट नाही. त्याला फक्त मी तिथं हवी आहे, आणि मला तिथं जायचं नाही. विहिरीला पाणी आहे तोवर त्याचा इलाज नव्हता. मग बांधापलीकडं नवी विहीर निघाली आणि त्याला इलाज सापडला.

"आई, तुझी विहीर आता आटणार. आटली की तू इकडं यायचं. ठरलं."

"आन् म्हस?"

"म्हस विकू."

त्यानं ते इतक्या सहज सांगितलं, की मी फोन म्हशीकडं पाठ करून ठेवला.

गावाला पाणी लागत होतं हे खरं आहे. मी नको म्हणत नव्हते. पण जागा कशी ठरली ते ऐका. आधी पाणाड्या आला, तळहातावर नारळ घेऊन. मग एक शिकलेला माणूस आला, वायरी आणि मशीन घेऊन. दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं. सरपंच म्हणाले, बघा, विज्ञान आणि परंपरा एक झाली. दोघांनीही बोट ठेवायच्या आधी माझ्या विहिरीत वाकून पाहिलं होतं आणि भरलेलं पाणी बघून मान हलवली होती, ते मी पाहिलं होतं. भरल्या विहिरीशेजारी पाणी आहे हे सांगायला नारळ लागत नाही.

विहीर खोदली, पाणी लागलं, नारळ फुटला, फोटो निघाला. पाणी पुरेल का हे त्यानंतर तपासायचं होतं. त्याला यील्ड टेस्ट म्हणतात. आमच्या साहेबांनी ते मला नीट समजावलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या विहिरीचं पाणी पंपानं उपसत राहायचं आणि ते किती खाली जातं ते मोजायचं. मग पंप बंद करायचा आणि पाणी किती वेळात वर येतं ते मोजायचं. वर येण्याला ते रिकव्हरी म्हणतात. शेजारच्या विहिरीतही टेप सोडायचा. तिचं पाणी उतरलं तर दोघींचा झरा एकच, आणि मग नव्या विहिरीनं किती उपसायचं ते जपून ठरवायचं. शेजारची विहीर म्हणजे माझी.

"आजी, तुमची विहीर आता निरीक्षण विहीर आहे. चाचणी होईपर्यंत तिच्यातून पाणी काढायचं नाही."

"म्हशीला सांगा," मी म्हणाले.

पहिली चाचणी एक दिवस आणि एक रात्र चालली. पंचायतीचा पाणी सोडणारा जनरेटरपाशी बसला, साहेब खुर्चीवर. उपसलेलं पाणी पाइपानं जुन्या चारीत सोडलं होतं, चारीतून ते ओढ्याला जाणार. एवढं पाणी इथं कोणी उन्हाळ्यात वाहताना पाहिलं नव्हतं. बायका धुणी घेऊन आल्या. कोणी तरी ट्रॅक्टर धुतला.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर साहेब माझ्या विहिरीच्या काठावर टेप हातात धरून खूश उभे.

"आजी, तुम्ही उगाच काळजी करत होता. तुमच्या विहिरीतलं पाणी उतरलेलं नाही. उलट बोटभर वाढलंय."

"उपसलं तिकडं, वाढलं हिकडं?"

"भूगर्भात असं कधी कधी होतं."

भूगर्भात काय होतं ते मला माहीत नाही. वर काय झालं होतं ते दिसत होतं. चारी माझ्या विहिरीपासून थोड्या अंतरावर फोडलेली होती, मातीचं ढेकूळ आणि गोणपाट लावून पाणी वळवलेलं होतं, आणि तिथून एक पाट सरळ माझ्या विहिरीत उतरत होता. काम सुबक होतं. ढेकळावरून फावड्याची पाठ फिरवून माती चोपलेली. पाणी वळवायला असं दारं गावात एकच माणूस धरतो.

भाऊजी लिंबाखाली झोपले होते. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, फावडं उशाला.

"भाऊजी, उठा. काय केलंत ह्ये?"

ते उठून बसले आणि आधी पाटाकडं बघून घेतलं, पाणी नीट चाललंय ना. "वाया चाललं हुतं वहिनी. वड्याला जाऊन काय करनार हुतं ते?"

"अवं, ती चाचणी हाय."

"चाचणीचं पानी बी पानीच की. आन् तुमच्याच हिरीत सोडलं, माझ्या घरी न्हाई नेलं."

हे त्यांचं खरं होतं. माझ्यावर उपकार म्हणूनच त्यांनी रात्रभर दारं धरलं होतं. या माणसाला वाहतं पाणी मोकळं सोडवत नाही. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, अजून सांगते की तिच्या लग्नाच्या दिवशी विहिरीवर यांची पाळी होती आणि नवरदेव मांडवातून उठून दारं मोडायला गेला होता. अक्षता थांबल्या, पाणी थांबलं नाही.

मी साहेबांना पाट दाखवला. त्यांनी बघितला आणि चष्मा पुसला.

"आजी, रीडिंग वर गेलं आता."

"वर म्हंजी कुठं?"

"ऑफिसला. मोबाइलवरून."

"मग खाली आणा."

"असं येत नाही. आणि तुमच्या दिरांनीच पाणी सोडलं याला पुरावा काय?"

"पुरावा लिंबाखाली बसलाय. पायाला चिखल हाय, बघून घ्या."

साहेबांनी पुराव्याकडं लांबूनच पाहिलं आणि गाडीत बसले. आठवड्यानं मुलाचा फोन आला. त्याला पंचायतीतून कळलं होतं: शेजारच्या विहिरीवर परिणाम नाही, नव्या विहिरीला मोठी मोटर बसवायला हरकत नाही. तो खूश नव्हता आणि नाराजही नव्हता. म्हणाला, "आता उन्हाळाभर बघू. आटली की मी टेम्पो घेऊन येतो."

मी डबा बांधून शिरूरच्या ऑफिसला गेले. तिथं वरचे साहेब असतात. दारात बसले. शिपाई म्हणाला अर्ज द्या, दिला. म्हणाला उद्या या, बसून राहिले. दुपारी तहान लागली म्हणून पाणी मागितलं तर जारातलं मिळालं, विकतचं. पाण्याच्या ऑफिसात विकतचं पाणी पिऊन मी परत दारात बसले. संध्याकाळी साहेब बाहेर निघाले, मी मधे.

"तुम्ही अजून इथंच?"

"घरी म्हस एकटी हाय साहेब. उद्या तिला घेऊनच येते, म्हंजी मला घाई न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग अंगणातल्या आपल्या गाडीकडं पाहिलं. दुसरी चाचणी मंजूर झाली. झरा एक आहे की दोन, याच्याशी त्या मंजुरीचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

या वेळी उपसलेलं पाणी रस्त्यापलीकडं, लांब ओढ्यात सोडायचं ठरलं, पक्क्या पाइपातून, म्हणजे कोणाला दारं धरता येणार नाही. तरी मी जावेला सांगितलं, "भाऊजींवर नजर ठेव. पाइपाकडं फिरकू देऊ नको."

"आक्का, मी ह्यांना दावणीला बांधू का?"

"बांधता आलं तर बांध."

"पन्नास वर्सं झाली, न्हाई जमलं."

पंप सुरू झाला. पाइपाचं तोंड ओढ्यात, ओढा दूर. दुपारपासून माझ्या विहिरीचं पाणी उतरायला लागलं. आधी ओल्या दगडाची एक रेघ दिसली, मग एक टप्पा उघडा पडला, मग आमच्या मोटरीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, हवेत लोंबायला लागला. साहेब टेप सोडत होते आणि लिहीत होते. मला बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. आपली विहीर उतरताना बघून बरं वाटणं हा विचित्र प्रकार आहे, पण खरं ठरायचं असेल तर तिला उतरणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ दिसला. गाळ, दगड, दोन चपला, आणि गाळात अर्धी रुतलेली तांब्याची कळशी. ती कळशी जावेची. कित्येक वर्षांपूर्वी हरवली तेव्हा माझ्या घरात गेली असा तिचा संशय होता आणि त्यावरून आम्ही एक दिवाळी बोललो नव्हतो.

जाऊ पाइपावर पहारा देत होती. मी तिला कळशीचं सांगायला गेले. साहेब पंप बंद करायला आणि रिकव्हरीची तयारी करायला पलीकडं गेले. तेवढ्या वेळात भाऊजी घमेलं आणि फावडं घेऊन विहिरीत उतरले. पाइपाकडं ते फिरकलेच नाहीत. आम्ही चुकीच्या ठिकाणी पहारा ठेवला होता.

मी परत आले तेव्हा खालून फावड्याचा आवाज येत होता.

"भाऊजी! वर या!"

"लय गाळ हाय वहिनी! रिकामी हीर परत कवा घावणार? ह्येवढा काढून घेतो!"

शेतकऱ्याला रिकामी विहीर दिसली की गाळ काढावासा वाटतो, यात नवल नाही. माझ्याही मनात आलं होतं. फक्त मला गुडघे दुखतात म्हणून मी उतरले नाही. तेवढ्यात पलीकडं पंप बंद झाला. जनरेटरचा आवाज थांबला आणि एकदम शांत झालं, त्यामुळं दगड सरकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. गाळ उपसल्यावर खालचा आधार गेला आणि कडेचा धोंडा त्यांच्या पायावर आला.

ते ओरडले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वहिनी, पाय घावलाय." आणि थोड्यानं, "आन् पानी याय लागलं."

जाऊ पळत आली. साहेब आले, पाणी सोडणारा आला. आमची मोटर चालू होईना, लाईट रात्रीची. साहेबांना खाली उतरता येईना, कारण त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याच्या खात्यात ते लागत नसावं. पाणी सोडणारा दोर आणि पहार आणायला वस्तीकडं धावला.

"किती आलं?" जावेनं वरून विचारलं.

"घोट्याला."

साहेबांनी घड्याळ बघून हातातल्या कागदावर लिहिलं. सवयीनं लिहिलं असेल, मी दोष देत नाही.

"आता?"

"पोटरीला."

साहेबांनी पुन्हा लिहिलं. मग जावेचं लक्ष त्यांच्याकडं गेलं.

"माझ्या नवऱ्याचं माप घेताय का?"

साहेबांनी कागद खाली धरला. आणि मग, पाणी गुडघ्यांवर चढलं तेव्हा, ते मला चाचणी बाद होईल असं म्हणाले. फोन लावला. मीटिंग. पुन्हा लावला. साहेब म्हणजे तसा पोरगाच, घामानं भिजला होता. त्याचंही बरोबर होतं. ही चाचणी पुन्हा बिघडली तर तिसरी कोण मंजूर करणार, आणि ती नाही झाली तर पहिलाच निकाल राहणार: परिणाम नाही, मोठी मोटर, माझा टेम्पो. हे त्यानं मला तसंच सांगितलं.

"आजी, हे तुमच्याच नुकसानीचं आहे. विचार करा."

विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला विहीर हवी होती ती वस्तीवर राहता यावं म्हणून, आणि वस्तीवर माझ्याशी बोलणारी माणसं दोनच. त्यातलं एक खाली पाण्यात उभं होतं.

"लावा पंप," मी म्हणाले. "बाद तर बाद."

त्यानं फोन खिशात टाकला आणि बांध ओलांडून पळाला. जनरेटर त्यानं स्वतः सुरू केला, दोरी ओढताना एकदा पडला पण. पंप धरला. पाइपातून पाणी पळायला लागलं. आम्ही दोघी काठावर वाकून बसलो.

"किती आलं?" जाऊ.

"मांडीला."

मग बराच वेळ गेला. मीच विचारलं.

"मांडीलाच हाय," खालून आवाज आला. "थांबलं वाटतं."

आणि आणखी थोड्यानं, "थांबलं वं. उतरतंय की."

साहेब परत येऊन आमच्या मागं उभे होते. त्यांनी ते ऐकलं. तिकडं पंप चालला की इकडं पाणी उतरतं, बंद झाला की चढतं, पुन्हा चालला की पुन्हा उतरतं. टेप नाही, मशीन नाही, एका म्हाताऱ्याच्या पायावर सगळं मोजून झालं होतं. साहेबांचा कागद अजून खालीच होता.

"आता लिवा," जाऊ म्हणाली.

पाणी सोडणारा पहार घेऊन खाली उतरला. त्यानं धोंडा कलता केला आणि पाय मोकळा केला. माझ्या अंगणातली बाज चारी कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली. वस्तीवरचे, रस्त्यावरचे, असतील नसतील तेवढे पुरुष दोराला लागले. बाज वर आली तर तिच्यावर कळशी.

"अवं, तुम्ही कुठं हाय?" जाऊ ओरडली.

"आधी ती घ्या वर," भाऊजी खालून म्हणाले. "न्हाईतर घरात घ्यायची न्हाईस मला."

दुसऱ्या खेपेला ते आले. पाय निळा पडला होता, दोन ठिकाणी मोडला होता. शिरूरच्या दवाखान्यात नेताना त्यांनी जीपमधून मागं बघून एवढंच म्हटलं, की गाळ अर्धाच निघाला.

चाचणी बाद झाली नाही. साहेबांनी सगळं खरं लिहून पाठवलं, पंप मधेच का लावला तेही. मी नंतर विचारलं, भाऊजींचं नाव घातलं का. म्हणाले, त्यासाठी कागदात जागा नव्हती. बरं झालं. नाव घातलं असतं तर पहिल्या वेळेचा पाटही त्यांच्याच नावावर आला असता.

नव्या विहिरीला लहान मोटर बसली. ती सकाळी थोडा वेळ चालते आणि कडक उन्हाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा गावाला टँकर येतो. त्यावरून गाव मला बोलतं. नळाशी उभ्या असलेल्या बायका मला बघून आवाज चढवतात. बोलू दे. टँकर आला की मीही जाऊन उभी राहते आणि कोण काय बोलतं ते ऐकून येते. माझी विहीर उन्हाळ्यात उतरते, पहिल्यापेक्षा जास्त उतरते, पण फुटबॉल पाण्यात राहतो. मुलानं अजून टेम्पो आणलेला नाही. म्हैस व्यायली.

कळशी जावेनं घासून ओट्यावर ठेवली आहे, मला दिसेल अशी.

भाऊजी डावा पाय ओढत चालतात. साहेबांच्या कागदात जागा नव्हती म्हणून इथं लिहून ठेवते: त्या दिवशी विहिरीत ते होते, आणि ते जगले.